टँकरवाल्यांच्या आमरीन मॅडम

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा यार्ड आहे आणि यार्डाच्या टोकाला पत्र्याची लांबट शेड. महिन्यातले काही दिवस तिथं वर्ग भरतो. विद्यार्थी सगळे बापे. कुणाची मिशी पिकलेली, कुणाचं पोट सुटलेलं, कुणी गुजरातहून गाडी आणून तसाच येऊन बसलेला. फळ्यासमोर आमरीन उभी असते. अंगानं बारीक, ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली आणि पायात सेफ्टीचे जाड बूट. त्या बुटांमुळं चालताना तिची पावलं ठकठक वाजतात. ती येते आहे हे शेडमधल्यांना आधीच कळतं.

"तोंडातलं बाहेर टाकून या," ती पहिल्यांदा म्हणते. "मी थांबते."

आणि ती खरोखरच थांबते. चारपाच जण उठतात, नळाशी जाऊन चूळ भरतात, ओशाळून परत येतात. मग वर्ग सुरू होतो.

पेट घेणारी, जाळणारी, विषारी अशी रसायनं वाहून न्यायची तर ड्रायव्हरला साधं लायसन्स पुरत नाही. तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याचा दाखला मिळाला की लायसन्सवर तशी नोंद होते, आणि पुढं ती नोंद चालू ठेवायची तर उजळणीला यावं लागतं. टँकरवर टोकावर उभी केलेली चौकोनी पाटी असते, तिच्यावर ज्वाळा असते किंवा कवटी असते, खाली आकडे असतात. त्या आकड्यांचा अर्थ काय, गळती झाली तर आधी काय करायचं, कुणाला फोन करायचा, कुठल्या आगीवर पाणी मारायचं नाही, हे सगळं आमरीन शिकवते. आता तिला शेंद्र्याहून आणि बिडकीनच्या नव्या कारखान्यांकडूनही बोलावणं येतं. तिचा दाखला असलेला ड्रायव्हर म्हटलं की कारखान्याच्या फाटकावरचा माणूस फारसे प्रश्न विचारत नाही.

ती माझी विद्यार्थिनी. तिचे वडील मोहियोद्दीन टँकर चालवायचे. घर रोशन गेटकडं, जवळ उर्दू शाळा असताना ते मुलीला घेऊन आमच्या मराठी शाळेत आले होते. "बाई, रस्त्यावरच्या पाट्या मराठीत, आरटीओतले कागद मराठीत," ते म्हणाले. "मला धड वाचता येत नाही. घरात एक तरी वाचणारं पाहिजे." मुलगी त्यांच्या मागं उभी राहून माझ्या टेबलाचा डुगडुगणारा पाय बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं त्याखाली कागदाची घडी सरकवली. मी सांगितलं नव्हतं.

निबंधात तिला कधी फार गुण मिळाले नाहीत. वेरूळच्या सहलीवर लिहायला सांगितलं, तर कैलास लेण्याला तिनं दोन ओळी दिल्या आणि बसचं मागचं दार आतून कसं उघडत नव्हतं यावर अर्धं पान लिहिलं. शेवटी लिहिलं होतं, 'ड्रायव्हरकाकांना सांगितले. ते म्हणाले, उघडून काय करायचे आहे?' मी लाल शाईनं 'विषयांतर' असं लिहिलं आणि तरी ते अर्धं पान पुन्हा वाचलं.

पुढं ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा केला आणि या कंपनीत लागली. आधीचे प्रशिक्षक निवृत्त झाले तेव्हा मालकांनी तिला विचारलं. ती एका शब्दात हो म्हणाली. घरी कुणाला विचारायचं असतं हे तिच्या लक्षातच आलं नसावं.

पहिल्या वर्गाआधी ती माझ्याकडं आली होती. गाडीच्या केबिनमध्ये एक कार्ड ठेवावं लागतं, अपघात झाला तर काय करायचं याचं. त्याचं मराठी तिच्या हातात होतं. 'बाधित व्यक्तीस श्वसनयोग्य वातावरणात स्थलांतरित करावे.'

"बाई, हे वाचेपर्यंत तो माणूस मरेल," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी बसून ते सोपं केलं. 'त्याला उचलून मोकळ्या हवेत न्या.' दुपारभर आमचं तेच चाललं होतं.

तिची शिकवण्याची रीत मी एकदा शेडमध्ये मागं बसून बघितली. वाऱ्याचा धडा होता. गळती झाली तर वारा कुठून येतो ते आधी बघायचं आणि वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, म्हणजे वाफ आपल्या अंगावर येत नाही. तिनं फळ्यावर बाण वगैरे काही काढले नाहीत. तिनं विचारलं, "उपणणी कुणी कुणी केलीय?"

जवळजवळ सगळे हात वर झाले. सगळे शेतकऱ्यांच्या घरातले.

"उपणताना कुठं उभं राहता?"

"वारं पाठीवर घेऊन, मॅडम. नायतर सगळा भुसा तोंडात."

"झालं. इथं भुसा दिसत नाही, एवढाच फरक."

मागच्या रांगेतला एक जण तिला जोखत होता. जाडजूड, गळ्यात चांदीची साखळी. "मॅडम, तुम्ही सोता कधी टँकर चालवलाय का?"

"नाही," आमरीन म्हणाली. "म्हणून तर गिअर कसा टाकायचा ते मी शिकवत नाही." शेड हसली. साखळीवालाही हसला आणि उरलेले दोन्ही दिवस तो पहिल्या रांगेत बसला.

एवढं सगळं ती बदलू शकली, पण एक गोष्ट तिच्यानं बदलेना. ती म्हणजे तिच्या वडिलांचं नाक.

मोहियोद्दीन त्याच यार्डात होते. यार्डात त्यांना सगळे चाचा म्हणत. टँकर रिकामा झाला, धुतला, की दुसरं रसायन भरायच्या आधी तो आतून साफ झाला का हे बघावं लागतं. त्यासाठी तपासणीच्या रीती आहेत, यंत्रंही आहेत. पण या यार्डात फार वर्षांची एक चाल पडली होती. चाचा शिडीवरून टँकरवर चढत, वरचं झाकण उघडत, डोळे मिटून वास घेत आणि खाली न बघताच निकाल सांगत. "पास." नाही तर, "फिर धो, कोने में थिनर बैठा है." त्यांचं कधी चुकलं असं कुणाला आठवत नव्हतं. दुसऱ्या कंपन्यांचे ड्रायव्हरही वाट वाकडी करून येत आणि म्हणत, चाचा, जरा बघता का?

आमरीन वर्गात सांगायची, "झाकणाजवळ नाक न्यायचं नाही. रिकामा टँकर भरलेल्याहून वाईट. आत वाफ असते. काही विषांना वासच नसतो आणि काही वास नाकालाच मारतात."

"मॅडम, हे आधी घरी सांगा की," कुणीतरी म्हणायचं, आणि शेड पुन्हा हसायची.

उजळणीच्या वर्गाला चाचाही बसत. मुलीसमोर हात जोडून म्हणत, "मॅडम बराबर बोलते हैं." आणि दुसऱ्या दिवशी शिडीवर चढत. घरी जेवताना ती पुन्हा विषय काढायची. त्यांचं उत्तर ठरलेलं, "तेरी मशीन की बॅटरी उतरती है, बेटा. मेरी नाक की उतरती क्या?" आई, अख्तरी, दोघांना वाढता वाढता म्हणायची, "अब दोनों चुप बैठो. सालन ठंडा हो रहा."

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं.

आपल्या भागाला दुष्काळ नवा नाही. पण ते लागोपाठचं दुसरं की तिसरं कोरडं वर्ष होतं. जायकवाडीत मृतसाठा उरला होता. शहरात नळाला कधी चार दिवसांनी पाणी, कधी सहा. शहर मात्र वाढतच होतं. शहराच्या कडेला, सातारा-देवळाई परिसरात नव्या इमारती उभ्या राहत होत्या, जिथं पाइपलाइन अजून पोचलीच नव्हती, आणि तिथं राहायला गेलेली माणसं गॅलरीतून टँकरची वाट बघत. क्रांती चौकातून जाताना दर दोन रिक्षांमागं एक टँकर दिसायचा. ज्याला टाकी होती ते प्रत्येक वाहन पाण्याच्या कामाला लागलं होतं.

आणि इथंच टँकरवाल्यांची एक चूक होऊ लागली. ती त्यांच्याकडूनच होऊ शकली असती. रसायन उतरवून टँकर रिकामा झाला की तो धुवायचा, पाणी भरायचं आणि आपल्या गावाला न्यायचं. त्यात लबाडी नव्हती. गावाकडं आई हंडा घेऊन मैलभर चालते आहे आणि आपल्या हातात एवढी मोठी टाकी रिकामी आहे, हे कुणाला सहन होईल? आमरीननं वर्गात एक आख्खा तास त्याच्यासाठी ठेवला. रसायनाच्या टाकीत पिण्याचं पाणी कधीच नाही, कितीही धुतली तरी नाही. रबरी पाइप रसायन पिऊन घेतो आणि मग हळूहळू सोडत राहतो. सगळे माना डोलावत. पण माना डोलावणाऱ्यांची गावं कोरडी होती.

त्यातलाच एक कडूबा. दौलताबादच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. तरुण, कामाला चोख, बोलायला फटकळ. वस्तीची विहीर आटली होती, सरकारी टँकर येईल तेव्हा खरा. यार्डात एक टँकर बरेच दिवस उभा होता. त्यातून झायलीन जायचं, रंगाच्या आणि फवारणीच्या औषधांच्या कारखान्यांना लागणारं. आमरीन बिडकीनला वर्ग घ्यायला गेली होती त्या दिवशी कडूबानं मॅनेजरला गाठलं आणि तो टँकर वस्तीसाठी मागून घेतला. धुण्याच्या पावडरीनं, गरम पाण्यानं, दोनतीनदा धुतला. मॅनेजर म्हणाला, चाचांनी पास केला तर ने.

त्याच आठवड्यात चाचांच्या घरी एक साधी गोष्ट घडली. ती मला अख्तरीनं हसत सांगितली आणि आमरीननं पुष्कळ दिवसांनी, न हसता.

गल्लीत अवेळी नळ आला. सगळ्यांची पळापळ. अख्तरीनं गॅसवर दूध ठेवलं होतं. ती नवऱ्याला 'देखो जरा' म्हणाली आणि घागरी घेऊन धावली. चाचा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाठ टेकून रेडिओ ऐकत बसले होते. दूध उतू गेलं, आटलं, करपलं. वास गल्लीत आला. शेजारीण ओरडली, "अख्तरी, तुम्हारा कुछ जल रहा!" अख्तरी आणि आमरीन आत धावल्या. स्वयंपाकघर धुरकटलं होतं आणि चाचा तिथंच बसून ताल धरत होते.

"अजी, नाक यार्ड में छोड के आए क्या?" अख्तरीनं विचारलं.

चाचांनी वर बघितलं. "क्या हुआ?"

अख्तरीला हसू आवरेना. आमरीनच्या हातात भरलेली घागर तशीच होती.

चाचा दर शुक्रवारी नमाजाला जाताना खसाचं अत्तर लावत. त्या शुक्रवारी सकाळी आमरीननं ती बाटली घासून, सुकवून तिच्यात खोबरेल भरलं. चाचांनी दुपारी बाटली उघडली, कानामागं लावलं, मनगटावर लावलं, मनगट नाकाशी नेऊन लांब श्वास घेतला. "माशाअल्ला," ते म्हणाले. "असली माल." आणि खोबरेल लावून मशिदीकडं गेले.

"मला वाटत होतं ते ओरडतील, हे काय भरून ठेवलंय म्हणून," आमरीन मला म्हणाली. "मी दारात उभी राहून त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते, बाई."

त्यांना डॉक्टरांकडं कसं न्यायचं, काय सांगून न्यायचं, याचा विचार करतच ती शनिवारी सकाळी यार्डात आली. फाटकाशी एक टँकर सजवून उभा होता. बोनेटवर झेंडूची माळ, समोर फोडलेला नारळ. मागच्या धोक्याच्या पाटीवर कापडी फलक बांधला होता, 'पिण्याचे पाणी'. नंबर बघून तिनं गाडी ओळखली. कडूबा पुढच्या काचेला फडकं मारत होता.

"कुठं निघालास?"

"वस्तीवर, मॅडम. पैठण रोडच्या बोअरवर भरायचा आन् सरळ गावात." त्याचा चेहरा फुललेला होता.

"ह्यात झायलीन होतं."

"व्हय. धुतलाय की लई. आन् चाचांनी पास केलाय, काल संध्याकाळी. दोनदा चढून बघितलं त्यांनी."

आमरीननं केबिनचं दार उघडलं, किल्ली काढली आणि खिशात घातली.

आता जे झालं ते यार्डातले ड्रायव्हर आजही सांगतात. कडूबाचा आवाज चढला. आसपासचे जमा झाले. "मॅडम, तिकडं बाया सकाळपासून हंडे लावून बसल्यात! तुमचं काय, तुमच्या घरी नळ येतो."

"मंगळवारी आला होता," आमरीन म्हणाली. "आज शनिवार."

"मग तर तुम्हाला कळाया पाहिजे!"

"कळतं. म्हणूनच विष देणार नाही. रसायनाच्या टाकीत पिण्याचं पाणी जात नाही, कडूबा. तू तीन दिवस माझ्यासमोर बसलायस."

"ते नियम कारखान्याला. आमच्या रांजणाला कसले नियम?" आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला, "चाचा साफ म्हणले. चाचा खोटं बोलतेत का?"

सगळे तिच्याकडं बघू लागले. नुसता नियम सांगून तिनं किल्ली अडवली असती तर मॅनेजरनं ती अर्ध्या तासात कडूबाला परत द्यायला लावली असती, कारण चाचांचा शब्द यार्डात नियमापेक्षा मोठा होता. तो शब्द मोडल्याशिवाय टँकर थांबणार नव्हता. आणि तो मोडला तर ज्या एका गोष्टीसाठी माणसं तिच्या वडिलांना आदरानं बोलावत होती, ती राहणार नव्हती. तिथं उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, की त्यांचं नाक गेलंय.

"चाचांना विचारून येते," ती म्हणाली.

चाचा शेडच्या मागं बाकावर चहा पीत होते. ती शेजारी बसली.

"अब्बा, काल अत्तर लावलं ना तुम्ही?"

"हौ."

"खोबरेल होतं. बाटली मी बदलली होती."

चाचा आधी हसले. थट्टा वाटली त्यांना. मग त्यांनी मनगट नाकाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं. चहाचा ग्लास बाकावर ठेवला. पुन्हा उचलला, त्याचा वास घेऊन बघितला आणि ठेवून दिला.

"और वो दूध?"

"दुधापासूनच मला शंका आली."

"कब से गई होगी?"

"माहीत नाही, अब्बा. हळूहळू जाते. कळत नाही."

"मतलब मी एवढे टँकर पास केले..."

"ते रसायनाचे होते. कारखान्यात उतरवायच्या आधी तिथं तपासणी होते, त्यांनी धरलं असतं. पाण्यासाठी तुम्ही पास केलेला हा पहिलाच आहे. आणि तो अजून फाटकात उभा आहे."

चाचा उठले. दोन पावलं जाऊन थांबले. "तूने वहां सबके सामने नहीं बोला?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि फाटकाकडं निघाले. आमरीन मागून गेली. तिला पुढं जायचं नव्हतं.

"कडूबा," चाचा म्हणाले, "खरं सांग. टाकी धुतल्यावर तुला वास आला होता का?"

कडूबानं फडकं या हातातून त्या हातात घेतलं. "थोडासा. रंगाच्या डब्यासारखा."

"मग बोलला का नाय?"

"तुम्ही साफ म्हणले, चाचा. मला वाटलं माझंच नाक खराब."

चाचांनी शिडीच्या दांड्यावर हात ठेवला. "तुझं बरोबर होतं. नाक माझं गेलंय. जळलेलं दूध समजत नाय मला, खोबरेल समजत नाय. आजपासून माझ्या नाकावर कुणी गाडी भरायची नाय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. चाचा वळले. "हस. उद्या तुझी बी जाईल. वीस वर्षं झाकणात डोकं घालून बघ, मग सांग बायकोनं आज काय शिजवलंय." मग कुणी हसलं नाही. साखळीवाला पुढं आला आणि त्यानं टँकरच्या पाटीवरचा कापडी फलक सोडला.

कडूबा मात्र तिथंच पायरीवर बसला. त्याचं म्हणणं साधं होतं. "हे समदं खरं. पण मी फोन करून काय सांगू? पाणी येत नाय म्हणून?"

टाकी चुकीची आहे हे आमरीनला माहीत होतं. बरोबरची टाकी कुठं मिळेल हे तिला माहीत नव्हतं. पाण्याचे सगळे टँकर आधीच धावत होते.

उत्तर चाचांना सुचलं. "दुधाच्या गाड्या," ते म्हणाले.

दुष्काळात जनावरांना चारा नव्हता, लोकांनी गुरं छावण्यांत नेऊन बांधली होती, दूध निम्म्यावर आलं होतं. एका खासगी डेअरीचे दोन टँकर पडेगावच्या ढाब्यामागं दिवसदिवस उभे असत. स्टीलच्या टाक्या, आत माणसाच्या पोटात जाईल तेवढंच गेलेलं. त्यांचे ड्रायव्हर चाचांबरोबर ढाब्यावर जेवायला बसणारे. चाचांनी फोन लावला. पलीकडून बराच वेळ कुरकुर ऐकू येत होती.

"अरे, पाणीच आहे, तेजाब नाही," चाचा म्हणत होते. "मालकाला मी सांगतो, दे त्याला फोन... साहेब, अस्सलामु... नमस्कार, नमस्कार. मोहियोद्दीन बोलतोय. हां, तोच... टाकी परत धुऊन? धुऊन देणार. कोण म्हणजे? मी देणार. माझी मुलगी सेफ्टीची मॅडम आहे, ती उभी राहून धुऊन घेईल, तुमच्याकडं धुतात त्याच्याहून चांगली."

आमरीननं त्यांच्याकडं बघितलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. "घेईन," ती म्हणाली.

दुपारपर्यंत दुधाचा टँकर मिळाला. पाणी भरायच्या आधी तिनं टाकी, नळ, पाइप सगळं स्वतः बघून धुऊन घेतलं. पाइपचं तोंड जमिनीवर ठेवलं म्हणून कडूबाला तिथंच ओरडली. कडूबा गाडी चालवायला बसला, शेजारी चाचा, आणि आमरीन आपल्या स्कूटीवर मागून. दौलताबादचा घाट चढून वस्तीवर पोचले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती.

वस्तीवर हंड्यांची रांग होती, आणि रांगेला सावली मिळावी म्हणून कुणीतरी दोन बाजा उभ्या करून त्यांवर लुगडं टाकलं होतं. रांगेच्या तोंडाशी साळूबाई, कडूबाची चुलती. सत्तरीची, आवाज फाटका आणि मोठा. सकाळपासून पाण्याची वाट बघता बघता सगळी वस्ती तिचं बोलणं ऐकत होती. तिनं पहिला तांब्या भरला, तोंडाला लावला आणि थांबली.

"कडूबा! ह्या पाण्याला दुधाचा वास येतुया रं!"

"मग चहात दूध घालू नगंस," मागून एक जण म्हणाली, आणि रांग हसली.

"हसू नगा गं. काय भानगड हाय ही?"

चाचा खाली उतरले. त्यांनी साळूबाईच्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, नाकाशी नेलं, मग प्यायले. आमरीनकडं वळून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आता है?"

आमरीननं ओंजळ पुढं केली. पाणी घेतलं, वास घेतला. "हौ, अब्बा. थोडासा. दुधाचाच आहे, काही बिघडत नाही."

"मावशी, येतो वास," चाचा साळूबाईला म्हणाले. "दुधाची टाकी आहे. पाणी चांगलं आहे, आम्ही पण पितोय. उद्या अजून गरम पाण्यानं धुतो. उद्या भरायच्या आधी तुम्हालाच वास घ्यायला लावतो. तुमचं नाक बरं दिसतंय."

"वासावर नाही!" आमरीन मोठ्यांदा म्हणाली. रांगेतल्या बायकांनी दचकून तिच्या बुटांकडं बघितलं. "मावशींच्या नाही आणि कुणाच्याच नाकावर नाही. धुतलेल्या टाकीतलं पाणी मी आज बाटलीत घेतलंय, ते सोमवारी तपासायला देते. तोपर्यंत सगळ्यांनी उकळून प्या."

साळूबाईनं चाचांकडं बघितलं. "पोरगी तुमची?"

"माझीच."

"घरी पण अशीच बोलती का हो?"

"घरी जास्त," चाचा म्हणाले आणि हंडा उचलून तिच्या डोक्यावर चढवू लागले.